बावीस कुस्त्या

नागपुरात लाटसाहेबापुढं लढायला पैलवान निवडत निवडत कडूबा वस्ताद जानेफळला आले. रामराव देशमुखांनी आपला पोरगा मोतीराम पुढं केला. "बावीस कुस्त्या मारल्या, वस्ताद. एक हारला नाही!"

वस्तादांनी ना मान पाहिली, ना मांड्या. सरळ कान चाचपले. "खऱ्या कुस्तीत कान फुटतात, देशमुख. याचे तर नवरीवानी हायेत. तुमच्या कुळांचे पोट्टे याच्यापुढं आपसूकच पडत असतीन."

आठ दिवसांनी देशमुखांनी पोराला पुन्हा उभं केलं. दोन्ही कान वड्यासारखे टम्म. "हातोडीनं फोडून घेतले! पोट्ट्यानं हूं का चूं केलं नाही."

वस्तादांनी तोंडातलं पान तिथंच थुंकलं. "एवढा दम होता त्याच्यात, अन् तुम्ही त्याले एक खरी कुस्ती लढू नाही देली?"