चालू मशीन

अठ्ठ्याण्णव साल. निजामपुऱ्यातल्या इक्बालशेठच्या कापड विणायच्या कारखान्यात माडीवर ऑफिस होतं. त्याला मुंबई ऑफिसशी जोडणारा राउटर सकाळपासून सुरूच होत नव्हता. आतलं सॉफ्टवेअर उडालेलं. ते माझ्या लॅपटॉपमधून केबलने परत भरायचं म्हणजे तासन्‌तासांचं काम, आणि मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून.

वीज दोनदा गेली. संध्याकाळच्या आत दुबईच्या पार्टीचे भाव मुंबईला पोचले नाहीत तर ऑर्डर सुरतेला जाणार, हे शेठ दर चहाला येऊन सांगत होते. खाली लूमचा खडखडाट, वर राउटरच्या पंख्याची करकर.

"या पंख्याने डोकं उठवलंय," मी वैतागून बोललो. ऐकायला फक्त गुलाम हुसेनचाचा होते, कारखान्यातल्या सगळ्या लूम दुरुस्त करणारे. ते मान हलवून निघून गेले.

तिसऱ्या खेपेला मात्र वीज टिकली. जवळजवळ सगळं भरून होत आलं, तेव्हा कुठे मी तोंडावर पाणी मारायला खाली उतरलो.

वर आलो तर करकर थांबलेली. चाचा तेलाची कुपी फडक्याने पुसत होते.

"दोन थेंब टाकले, साहेब. आता आवाज नाय येणार."

माझा चेहरा बघून त्यांनी धीर दिला.

 

"घाबरू नका. चालू मशीनला मी कधी तेल देत नाय. आधी प्लग काढला."