आपला पेपर

पडद्यावर लाल अक्षरांत आकडा आला. त्र्याण्णव टक्के.

"ताई, हे चालायचं नाही," कॉम्प्युटर लॅबचा ऑपरेटर म्हणाला. "वीसच्या वर गेलं की पोर्टफोलिओ फाइल घेतच नाही. कॉपी धरतो."

"कॉपी कसली? माझं प्रकरण आहे ते. मी लिहिलंय."

"सगळे असंच म्हणतात," तो म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून खुर्ची पुढे ओढून बसला.

पीएच.डी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने इलेक्ट्रॉनिक पोर्टफोलिओ सुरू करायचा, त्यात निदान एक तरी स्वतःचं लेखन हवं, नाहीतर प्रबंध जमा करता येणार नाही, असा विभागाचा नवा नियम होता. मुदत उद्या दुपारी बारापर्यंत. तिने सकाळपासून फोटो चिकटवला होता, शिक्षण भरलं होतं, 'माझी वाटचाल' नावाच्या चौकटीत चार बरी वाक्यं लिहिली होती. मग आपलं सगळ्यात चांगलं प्रकरण चढवलं. हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करणाऱ्या बायकांवरचं. तीन वर्षं त्या वाफेत उभं राहून, त्या बायकांचं ऐकून लिहिलेलं.

ऑपरेटरने लाल आकड्यावर क्लिक केलं. ज्याच्याशी तिचं लेखन जुळत होतं तो लेख उघडला. तीन महिन्यांपूर्वी एका मोठ्या नियतकालिकात छापून आलेला. लेखकाचं नाव एकच होतं. तिच्या मार्गदर्शक सरांचं.

ती वाचत गेली. शीर्षक तेवढं बदललं होतं. बाकी स्वल्पविरामसुद्धा जागचा हलला नव्हता. गेल्या वर्षी हेच प्रकरण हातात घेऊन सर म्हणाले होते, "छान. यातून आपला पेपर होईल." सरांचं सगळं आपलंच असायचं. आपला विभाग, आपला प्रकल्प, आपली मुलं. केवढं मोठं मन, असं तिला वाटायचं. आणि तीही वेडी, घरी जाऊन आईला सांगायची, आपला पेपर येणार आहे म्हणून.

"आयत्या बिळावर नागोबा," ऑपरेटर पुटपुटला आणि लगेच त्याने दाराकडे पाहिलं. त्यालाही नोकरी होती. "आणि ताई, प्रबंधसुद्धा याच मशीनमधून जातो बरं का. तिथेही हेच प्रकरण असणार."

ती नवव्या पानावर थांबली होती. तिने ते एकच पान छापून घेतलं आणि सरांच्या केबिनकडे निघाली.

सर चष्मा पुसत होते.

"सर, पोर्टफोलिओ माझी फाइल घेत नाही. तुमच्या पेपरवरून कॉपी केलीय म्हणतो."

सर हसले. "मशीन ते. त्याला काय कळतंय? अगं, आपलाच पेपर आहे तो."

"नाव तुमचं एकट्याचं आहे."

"नावाचं काय घेऊन बसलीस! तुझ्या नावाने पाठवला असता तर उघडूनही पाहिला नसता कुणी. तू असं कर. पोर्टफोलिओत एक टिपण टाक. 'सरांच्या पेपरमधून मी काय शिकले.' पानभर लिही. चांगलं दिसेल. प्रबंधाचं बघू आपण पुढे."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिने हातातलं पान टेबलावर ठेवलं. मधल्या दोन ओळींखाली पेनाने रेघ ओढलेली होती.

"एवढं वाचता, सर?"

सरांनी चष्मा लावला. 'माझी आई अठरा वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती. आज तिच्या बोटांचे ठसे कुठल्याच मशीनवर उमटत नाहीत.'

सरांच्या मागे भिंतीवर त्यांच्या आईंचा फोटो होता. त्या एका कॉलेजच्या प्राचार्या होत्या, हे विभागाच्या शिपायालासुद्धा पाठ होतं. आता तरी हा माणूस मान खाली घालेल, असं तिला वाटलं.

सरांनी पान अलगद पालथं घातलं.

"काढायचं राहून गेलं खरं," ते म्हणाले. "पण तुला सांगतो, परिषदेत मी हे वाचलं तेव्हा हॉल चिडीचूप. एक बाई नंतर माझा हात धरून रडल्या. आता त्यांना काय सांगू?" ते थोडे पुढे वाकले. आवाज मऊ झाला. "आणि आई म्हणजे आई गं. तुझी काय, माझी काय. आपलीच ना शेवटी."

"आपली ना, सर?"

"अर्थात!"

"मग उद्या तिला छातीच्या डॉक्टरांकडे न्यायचंय. ब्लीचने फुप्फुसं गेलीत तिची. आठला नंबर आहे. दोन जिने धरून उतरवावं लागतं. मला बाराच्या आत दुसरं काहीतरी लिहून चढवायचंय, तेव्हा मला जमणार नाही. तुम्ही न्याल?"

सरांचा हात सवयीने डायरीकडे गेला. त्यांनी पान उलटलं, वरून खाली बोट फिरवलं.

"उद्या?" ते म्हणाले. "उद्या नाही गं जमायचं. उद्या मीटिंग आहे."