शिवणींना मेण

पाऊस तोंडावर आला की आमच्या निर्वासितांच्या छावणीत जो तो आपल्या तंबूला मेण फासतो. चुओल आजोबा तेवढे फासत नसत. "तुम्हाला इथंच म्हातारं व्हायचंय, तुम्ही फासा. मी यंदा सोबात नदी ओलांडून घरी चाललो," असं दरवर्षी ऐकवायचे आणि पावसाळाभर गळक्या तंबूत भांडी मांडून बसायचे.

परवा त्यांचा मुलगा वाल लपतछपत गाव बघून आला. आज आजोबा रिकामा डबा घेऊन माझ्या दारात उभे.

"गुरांचा गोठा तरी उभा आहे ना, आजोबा?" मी विचारलं.

त्यांनी डबा पुढे केला.

"भरून दे, पोरी. आणि शिवणींना कसं लावतात, तेवढं शिकव."