टायरांची माळ

कोकराला धरायला हरिबा वाकला, पाय घसरला आणि कोकरासकट तो शेततळ्यात गेला. पाण्यातून वर आल्याबरोबर त्यानं आधी आपलं तोंड मिटून घेतलं. मग काखेतल्या कोकराचं तोंड मुठीत धरलं.

दुसऱ्या कुणीही बोंब ठोकली असती. पण हरिबाची मेंढरं तळ्याच्या कुंपणाच्या फाटक्या जाळीतून त्याच्यामागोमाग भरावावर चढली होती आणि माना वाकवून खाली बघत होती. जन्मभर त्यानं त्यांना एकच शिकवलं होतं, माझी हाळी आली की यायचं. आता त्याच्या नाहीतर कोकराच्या तोंडातून आवाज निघाला असता तर म्होरकी मेंढी पाण्यात उतरली असती, आणि मेंढरं ती, एक गेलं की मागचं थांबत नाही. रानोमाळ भटकणं सोडून कवठे येमाईला शेती धरली, तरी हरिबानं एवढी मेंढरं काही सोडली नव्हती. घरातल्या माणसांपेक्षा त्याचा जीव त्यांच्यातच जास्त, हे घरातल्यांनाही माहीत होतं.

पोहायला त्याला येत होतं. पण नुसतं पोहून करता काय? तळ्याच्या चारही उतारांवर तो काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला, त्यावर शेवाळ. हात टेकला की हात निसटायचा, पाय रोवला की पाय. दोनदा तो अर्ध्यापर्यंत चढला आणि दोनदा सरसरत खाली आला. धोतर पायात गुंतलं. डोक्याचा पटका सुटून पाण्यावर पसरला. साठी ओलांडलेल्या हरिबाला खरोखरची भीती वाटली.

तेव्हा त्याला समोरच्या उतारावरचे टायर दिसले.

ते त्याच्या सुनेनं, पूनमनं बांधले होते. न्हावऱ्याच्या रस्त्यावर पंक्चरवाल्याकडं पिकअपचे झिजलेले टायर पडून होते. तार बाहेर न आलेले तेवढे तिनं निवडले, एकाखाली एक जाड दोराला बांधले, वर पहार ठोकून दोर अडकवला आणि टायर थेट पाण्यापर्यंत सोडले. त्या दिवशी मात्र हरिबाचा आवाज अख्ख्या वस्तीनं ऐकला होता.

"तळ्याला दिष्ट लागतीया व्हय, टायरांची माळ घालाया? कागद फाटला तर तुझा बाप आनून देनार हाय का नवा?"

 पूनमनं तरीही टायर काढले नव्हते.

हरिबा एका हातानं पाणी मारत तिकडं निघाला. वर मेंढरंही भरावावरून त्याच्या बरोबरीनं चालू लागली. मध्यावर कोकरू जड झालं, पण त्यानं ते सोडलं नाही. शेवटी बोटं रबराला लागली. धरायला काहीतरी खरखरीत मिळालं, एवढ्यानंच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पाण्यातल्या टायरात पाय अडकवून तो धापा टाकत राहिला.

एवढ्यात मोटार चालू करायला आलेली पूनम त्याच बाजूनं भरावावर चढली. समोर मेंढरांची गर्दी होती. त्यांच्या पाठींवरून तिला फक्त पाण्यावर पसरलेला तांबडा पटका दिसला.

"आबाऽ!" ती किंचाळली. "आवोऽ आबाऽ!"

तिच्या ओरडण्याचं मेंढरांना सोयरसुतक नव्हतं. पण हरिबानं नुसती ओ दिली असती तरी त्यांना पाण्यात उतरायला पुरे होतं. तिला 'हाय, हाय, जित्ता हाय' म्हणावं असं त्याला फार वाटलं. त्यानं दात आवळले आणि वरच्या टायरात पाय टाकला. मग त्याच्या वरच्या. एका ठिकाणी टायर फिरला, तोल गेला, दोर कचकन ताणला. पण दोरानं त्याला धरून ठेवलं. वर पूनम पदर खोचून, मेंढरं बाजूला सारत, रडत पाण्याकडं निघाली होती.

तोच मेंढरांच्या पायांतून एक भिजलेलं कोकरू वर आलं. त्याच्यामागं एक हात आला, आणि हातामागं सासरा.

पूनम मटकन खाली बसली.

"ओ द्याया काय झालं हुतं तुमास्नी? माझा जीव जायाची पाळी आली!"

हरिबानं तोंडावर बोट ठेवलं. कोकराला घेऊन तो भरावाच्या बाहेरच्या अंगानं खाली उतरला, पार कांद्याच्या वावरात गेला आणि तिथून इतका वेळ घशात कोंडलेली हाळी दिली. सगळी मेंढरं धडाधडा भरावावरून खाली उतरली आणि त्याला येऊन भिडली. कोकरू आईला लुचायला लागलं. मागून आलेल्या पूनमला हसूही आवरेना आणि रडूही.

हरिबा धोतराचा सोगा पिळत उभा राहिला. सुनेकडं न बघता म्हणाला, "वरनं तिसरा टायर सैल हाय. आवळून घे."

"व्हय, आबा."

सोग्यातलं पाणी संपलं तरी त्याचं पिळणं चालूच होतं.

"आन् बाकीच्या तिन्ही अंगांनाबी बांध," तो म्हणाला. "पडनारा काय बाजू इचारून पडतोय व्हय?"