चौथं जॅकेट

बारा वर्षं साठवलेले सुट्ट्यांच्या टाइमशेअर योजनेचे पॉइंट जावयाने एकाच महागड्या मुक्कामावर उडवले. हॉटेल म्हणजे खरंखुरं जुनं जहाज. रोज ते बुडाल्याचं नाटक, पाहुणेच प्रवासी. पॉइंट जावई, मुलगी आणि नात अशा तिघांपुरतेच होते. सासूबाईंना त्याने न नोंदवताच आत आणलं. "कागदावर तुम्ही नाहीच, आई." "घरात तरी कुठे होते?" त्या म्हणाल्या. भोंगा वाजला. वेटरने तीन लाइफजॅकेटं दिली. "चौथं?" मुलीने विचारलं. "नोंद तिघांची आहे, ताई." "अगं, नाटकच आहे!" जावई हसला. नातीने टाळ्या पिटल्या. वेटरची पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती. "नाटक चारला असतं, साहेब!" तो पुढच्या खोलीकडे पळाला. घड्याळात तीन वाजले होते. सासूबाईंनी एक नातीला चढवलं, दुसरं मुलीला दिलं आणि त्या तिसऱ्यासाठी वळल्या. "नाटकच आहे हो, आई," म्हणत जावई स्वतःच्या जॅकेटचा शेवटचा पट्टा आवळत होता.