निळ्या नक्षीचा डिनर सेट

नणंदेने हौसेने स्वतःसाठी घेतलेला निळ्या नक्षीचा डिनर सेट एकदाही न वापरता भावजयीला लग्नात देऊन टाकला. सहा वर्षं सगळं घर त्यातच जेवलं. नणंद मात्र आली की म्हणायची, "मला आपली स्टीलची ताटली दे गं. तुझा सेट माझ्या हातून फुटला तर जिवाला चुटपुट नको!" किती जपतात ताई आपल्या संसाराला, या विचाराने भावजयीला भरून यायचं.

मग लेकीच्या रक्तात शिसं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून भावजय सेटमधली एक प्लेट घेऊन प्रयोगशाळेत गेली. तिथल्या तपासनिसाने प्लेट उलटी केली आणि तळाच्या बारीक ओरखड्यावर बोट ठेवलं.

"ही आमच्याकडे आधी येऊन गेलीय, बाई. नमुना आम्ही असाच खरवडतो. हा नंबरही आमचाच."

तो आकडा ती इतकी वर्षं कंपनीचा समजत होती. त्याने जुना अहवाल शोधून तिच्यापुढे ठेवला. शिसं भरपूर, यात जेवू नये.


खाली अहवाल मिळाल्याची सही नणंदेची होती आणि तारीख लग्नाच्या आदल्या आठवड्यातली.