पांढरी बाजू

शिक्षक परिषदेच्या परीक्षक बाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि वर्गाला येणाऱ्या दंतवैद्य बाईंना विचारलं, "हात नेमका कुठे पडला?"

दंतवैद्य बाईंनी डाव्या हाताने उजव्या खांद्यामागची जागा दाखवली. पूर्वी ऑपरेशन झालेला खांदा. त्या दिवसापासून अवजार धरलं की हात थरथरतो, रुग्ण दुसऱ्यांकडे पाठवावे लागतात, असं त्यांनी सांगितलं. आवाज चढवला नाही. मावशीला वाटलं, चढवला असता तर ऐकायला सोपं गेलं असतं.

जिन्यावरच्या त्या लांबट खोलीत चौघंच होती. योगशिक्षक घडवणारी ही शाळा मावशीची. शिकायला येणारे सगळेच तिला मावशी म्हणत. खरी मावशी ती एकाचीच, समोर मान खाली घालून बसलेल्या भाच्याची. बहीण गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, तिनेच शिकवलं. आज शिक्षक परिषदेने त्याचा परवाना काढून घेतला, तर त्याला दुसरं काही येत नव्हतं.

परीक्षक बाईंच्या सांगण्यावरून त्या दिवशीसारखीच चटई अंथरली होती. तिच्या डोक्याशी दंतवैद्य बाईंनी लाकडी चकती ठेवली होती. चकतीची एक बाजू फिकट पिवळी, दुसरी पांढरी. पिवळी वर असेल तर शिक्षकाने हात लावून आसन सुधारावं. पांढरी असेल तर तोंडाने सांगावं, हात लावू नये. हा नियम मावशीनेच आणलेला, बाकीच्या शाळा नाकं मुरडत होत्या तेव्हा.

"त्या दिवशी पांढरी वर होती?"

"होती. आत्ता ठेवली तशीच."

"हात कोणाचा ते पाहिलंत?"

"पालथी होते, डोळे मिटलेले. पण हात सरावाचा होता. कुठे दाबायचं ते ठाऊक असलेला."

मावशीने भाच्याच्या हातांकडे पाहिलं. ते तिनेच तयार केले होते.

वर्गात आणखी कोणी शिकवणारं होतं का, असं परीक्षक बाईंनी विचारलं. मावशी सांगणारच होती की नेहमीप्रमाणे तीही एक फेरी मारून, पिवळी दिसली तिथे हात लावून गेली होती आणि तिला तर सगळं नियमाप्रमाणेच दिसलं होतं. पण भाचा तिच्या आधी बोलला.

"वर्ग माझा होता. जबाबदारी माझीच."

मावशीचा ऊर एकाच वेळी भरून आला आणि दुखला. पोरगा सबबी सांगत नव्हता. म्हणजे केलं होतं त्यानेच.

परीक्षक बाई निर्णय लिहायला शेजारच्या खोलीत गेल्या. दंतवैद्य बाई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मावशी भिंतीकडे बघत बसली. या भिंतीचा तिला रोजच राग येत असे. रंगाऱ्याला पांढरा रंग सांगितला होता. वर्ष झालं नाही तोच पिवळट पडला. परवा धोब्यालाही पिवळट चादरींवरून ती चार शब्द बोलली होती. रंगाऱ्याचं नंतर बघू, आधी तुझी नीट तपासणी करून घेऊ, असं भाचा सारखा म्हणायचा. रंगाऱ्याशी भांडायला आता डॉक्टरचा दाखला लागतो का, असं तिने त्याला विचारलं होतं.

या प्रकारानंतर तर त्याने नवंच खूळ काढलं होतं. पांढरी बाजू काळी रंगवू या म्हणे. ज्याला बघायचंच नाही त्याला पांढरी काय नि काळी काय, असं ती फणकारली होती.

"का केलंस रे?" तिने हळूच विचारलं.

"चुकलं, मावशी. पुन्हा नाही व्हायचं."

"डोळे उघडे ठेवून फिरत जा जरा."

"हो." मग म्हणाला, "वर्ग राहिला तर मागच्या फेऱ्या मीच मारीन. तू पुढे बसून सांग नुसतं."

पुन्हा विश्वास मिळवायचाय बिचाऱ्याला, असं वाटून तिने मान डोलावली.

परीक्षक बाई बाहेर आल्या. परवाना राहील. चूक लेखी नोंदवली जाईल, आणि पुढचे काही महिने त्याने मावशींच्या नजरेखाली शिकवायचं. भाच्याने उठून दंतवैद्य बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मला तुमच्या पोटावर पाय द्यायचा नव्हता. पुन्हा कोणाला असं होऊ नये, एवढंच." त्यांनी हातही पुढे केला, डावा.

मावशीच्या छातीवरचा धोंडा उतरला. कितीतरी दिवसांनी तिला सपाटून भूक लागली. दोघींना निरोप द्यायला भाचा जिन्यापर्यंत गेला, तेव्हा ती स्वतःशीच हसली. सुटला पोरगा. आता त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं.

चटई गुंडाळायला ती वाकली. चकतीची पिवळी बाजू वर होती. जाताना कोणाचा पाय लागला असेल. पांढरी वर करावी म्हणून तिने ती उलटली.

पिवळी.

तिने पुन्हा उलटली. मग खिडकीशी जाऊन लख्ख उन्हात धरली आणि दोन्ही बाजू आलटून पालटून पाहिल्या. दोन्ही सारख्याच पिवळ्या, त्या भिंतीसारख्या, धोब्याच्या चादरींसारख्या.

भाचा दारातून घाईने आत आला. "राहू दे ते, मावशी. दे इकडे."

तिने चकती दिली नाही. खाली परीक्षक बाई अजून बुटांच्या नाड्या बांधत होत्या. कठडा धरून मावशी जिना उतरू लागली.